माकडांचे एकसष्ट टक्के

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण श्रीधर हरकरेवर उभ्या जन्मात ज्यानं पहिल्यांदा, एक शब्दही न तपासता विश्वास ठेवला, तो माणूस नव्हता. ते नागपूरच्या सीताबर्डीतल्या गारठा कूलर कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरचं एक कॉम्प्युटर होतं. फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे साडेअकरा. बाहेरून मेट्रो सरकत गेली की टेबलावरचा काचेचा पेला हलकेच किणकिणायचा. मयुरा मॅडम, म्हणजे कंपनीतल्या जुन्या माणसांना डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकवायला दर शनिवारी येणारी सव्वीस वर्षांची मुलगी, त्याच्या खुर्चीमागे उभी होती. "सर, आता 'कारण' हा शब्द उचला आणि त्या चौकटीत नेऊन सोडा. घाबरू नका, सांडत नाही." त्यानं माउसचं बटण दाबून धरलं, कोंबडीचं पिल्लू न्यावं तसा तो शब्द जपून नेला आणि सोडला. पडदा लुकलुकला. नऊ वर्षांत बिघडलेल्या कूलरांच्या साऱ्या तक्रारी, ज्या त्यानं स्वतः एकेक करून उतरवल्या होत्या, गावाप्रमाणे आणि कारणाप्रमाणे रांग धरून उभ्या राहिल्या. छप्पन्नाव्या वर्षी पिव्होट टेबल आपल्या हातून झालं, हा आनंद छातीपर्यंत पोचायच्या आतच त्याला शेजारच्या आलेखातला तो खांब दिसला. खापरखेडा. नारिंगी, बाकीच्यांच्या डोक्यावरून वर गेलेला. माकडं, एकसष्ट टक्के. त्यानं माउसवरचा हात काढून घेतला. कारण खापरखेड्याच्या कूलरांना माकडांनी कधी हात लावला नव्हता. ती माकडं त्याची होती. एकूण एक.

गोष्ट म्हटली तर काहीच नव्हती. मेकॅनिक कूलर दुरुस्त करून यायचा आणि चिठ्ठी पाठवायचा. चिठ्ठीत गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, काय केलं आणि शेवटी, करंगळीच्या नखाएवढ्या चौकोनात, 'कारण'. तो चौकोन कोणीच भरायचं नाही. हुडकेश्वरचे नत्थूजी त्यात तंबाखूचा डाग पाडायचे. खापरखेड्याच्या गोपिकाबाई लिहायच्या, 'ताटी बदलली, चालू', आणि पुढे कोरं. कूलर चालू झाला, आता कारण काय चाटायचं आहे, असा त्यांचा खाक्या. पण कोरा चौकोन असला की रकाना पुढे सरकायचा नाही, आणि शनिवारी दुपारपर्यंत सगळं वर पाठवायचं असायचं. मग श्रीधर खुर्चीत मागे रेलायचा, डोळे मिटायचा आणि कारणं घालायचा. हुडकेश्वरला नवी वस्ती, बोअरचं पाणी, म्हणून तिकडे 'खारं पाणी'. सीताबर्डीला 'दुकानात दिवसभर चालू'. आणि खापरखेड्याला पहिल्या दिवशी त्याच्या मनात माकडं का आली हे त्याला आजही सांगता आलं नसतं. आली. एक मोठा नर, मागे पाच-सात माद्या, कूलरच्या बाजूला बसवलेल्या वाळ्याच्या ओल्या ताटीला तोंड लावून गारवा हुंगणारे, मग ती ओढून काढून तिचा वास घेत गच्चीभर पळणारे. लिहिताना त्याला तो वाळ्याचा वास यायचा. पाच चिठ्ठ्यांत तीनदा माकडं, उरलेल्या दोनदा पंप नाहीतर उंदीर, संशय नको म्हणून. खापरखेड्याच्या अकराशे बारा तक्रारी. सहाशे अठ्ठ्याहत्तर वेळा माकडं. एवढं लिहूनही कोणी कधी विचारलं नाही, कारण कोणी कधी वाचलंच नाही. एखादा माणूस रोज ओसाड विहिरीत तोंड घालून बाता मारतो, आणि नऊ वर्षांनी विहीर त्या सगळ्या, मुद्देसूद, क्रमवार, टक्केवारीसकट परत म्हणून दाखवते. तसं झालं होतं ते.

आणि बाता मारणं हे काही श्रीधरला नवं नव्हतं. हरकऱ्यांचा पूर्वज भोसल्यांच्या दरबारी बातमी पोचवायचा. श्रीधरच्या तोंडून ऐकलं तर तो चांद्याहून एका रात्रीत धावत आला होता आणि वाटेत वाघाला 'बाजूला हो, सरकारी काम आहे' म्हणाला होता. नागपूरचा एक उन्हाळा असा की पारव्यानं घातलेलं अंडं उकडलेलंच निघालं. लग्नाला तीस वर्षं झाली, पण प्रेमलतानं पहिल्या तीन महिन्यांतच त्याच्यासाठी एक हिशेब बसवला होता: चारानं भागायचं. तो म्हणाला चाळीस माणसं जेवायला येतायत, की ती दहांचं पीठ मळायची. मुलगी वैदेही शाळेत भागाकार शिकली तो बाबांच्या गोष्टींवर. घरात सगळे हसायचे, तोही हसायचा, आणि हसता हसता कुठेतरी आत त्याला वाटायचं की आपण आत आलो तेव्हा आपल्यातला पाऊणवाटा बाहेरच राहिला. वडील मनोहरराव मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भरती होते तेव्हाचं त्याला नको असताना आठवलं. डॉक्टर म्हणाले दोन दिवस. त्यानं पुण्याला धाकट्या भावाला फोन केला, दोन दिवस म्हणतायत, लगेच नीघ. भावानं शांतपणे विचारलं, "तुझे दोन की खरे दोन?" मग त्यानंच ठरवलं, श्रीधर आहे, तो वाईट गोष्ट वाढवून सांगतो, म्हणजे आठ असतील. तो पाचव्या दिवशी आला. त्याची चूक नव्हती. त्याचं गणित बरोबर होतं, फक्त आकडा खरा होता. त्या पाचव्या दिवशी दोघं भाऊ गच्चीवर उभे होते, आणि भाऊ एवढंच म्हणाला, "तू नुसता बोलतोस त्यापेक्षा रडला असतास तर कळलं असतं रे."

"सर, हे बघा ना!" मयुरा त्याच्या खांद्यावरून पुढे वाकली होती. तिच्या आवाजात खरा आनंद होता, आणि तो त्याच्यामुळे होता. "इतका स्वच्छ पॅटर्न मी पुस्तकातही पाहिला नाही. प्रत्येक वस्तीचं वेगळं कारण! लोकांचा डेटा म्हणजे नुसती भेळ असते. तुमचा कसा धुतल्यासारखा आहे." धुतल्यासारखा. तीन शनिवारांपूर्वी तिनंच शिकवलं होतं की आकडे आधी धुऊन घ्यायचे, दोनदा आलेले काढायचे, अशक्य वाटतील ते बाजूला ठेवायचे, आणि तेव्हा त्याला प्रेमलताच डोळ्यांसमोर आली होती, कणकेच्या हातानं चारानं भागणारी. आता मात्र त्याचं काहीच धुवावं लागलं नव्हतं. त्याचं जसंच्या तसं घेतलं होतं, वर रंग दिला होता. आणि, हे त्यानं स्वतःशीसुद्धा अर्धवटच कबूल केलं, त्याला ते आवडलं. मानेवरून एक गार झुळूक गेल्यासारखं वाटलं. त्यानं म्हटलं, "तिकडे माकडं फार आहेत," आणि ती लगेच म्हणाली, "हो ना, दिसतंच आहे." दिसतंच आहे! छप्पन्न वर्षांत त्याच्या एका वाक्यानंतर कोणी 'दिसतंच आहे' म्हटलं नव्हतं. पुढचा आठवडाभर तो ऑफिसात लवकर येऊन तो खांब बघत बसला. रंग बदलून बघितला. महिन्यानुसार फोडून बघितला. मे महिन्यात माकडं वाढत होती, कारण मे महिन्यात चिठ्ठ्या जास्त यायच्या आणि तो जास्त कंटाळलेला असायचा. पडद्यावर आपला कंटाळा असा डोंगरासारखा चढताना-उतरताना बघणं विलक्षण होतं. हे मी आहे, त्याला वाटायचं. कोणीतरी माझा आलेख काढला.

मग बुधवारी रोहित सरांनी बोलावलं. रोहित म्हणजे मालकांचा मुलगा, पस्तिशीचा, बोलता बोलता पेन फिरवणारा. त्याच्या लॅपटॉपवर तोच नारिंगी खांब होता. "काय काम केलंत यार, हरकरेजी! मला वाटलं होतं तुम्ही क्लासला झोपा काढाल. हे बघा, साधी गोष्ट आहे. माकडानं नासधूस केली तर ती आपल्या गॅरंटीत येत नाही. मग खापरखेड्याला आपण फुकटचं केंद्र कशाला चालवायचं? सीझन सुरू व्हायच्या आत बंद करू. तिथली ती बाई काय नाव, गोपिका, तिला महिन्याअखेर सांगून टाकू. शुक्रवारच्या मीटिंगला सगळ्यांसमोर तुम्हीच मांडा. तुमचाच अभ्यास आहे." श्रीधर 'हो' म्हणाला. जिन्यात येऊन तो कठड्याला धरून उभा राहिला. खाली व्हरायटी चौकात एक ऑटोवाला दुसऱ्याशी भांडत होता, आणि त्याचा एक शब्दही खोटा वाटत नव्हता. गोपिकाबाई सुरुवातीला तिथे सीझनला ताट्या भरायला येत असत. बसल्या बसल्या बघून मोटर उघडायला शिकल्या. आता त्यांच्या हाताखाली दोन बायका होत्या. एकदा भर उन्हात श्रीधर तिकडे गेला होता तेव्हा गोपिकाबाई स्टुलावर चढून कूलरच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून होत्या आणि आतूनच बोलत होत्या, "थांबा भाऊ, याची नाडी सापडून राहिली." ती नाडी त्याला आता स्वतःच्या कानशिलात ऐकू येत होती.

तो आधी मयुराकडे गेला. खरं सांगायला त्याला अर्धा तास लागला, कारण सवय नव्हती. वाक्य दोनदा वळणावर जाऊन गोष्ट व्हायला लागलं आणि त्यानं ते ओढून परत आणलं. "ती कारणं मी घातली आहेत. मनानं. एकही खरं नाही." मयुरानं त्याच्याकडे डोकं तिरपं करून पाहिलं आणि हसली. "सर, तुम्ही फार गंमत करता. नऊ वर्षं सलग, इतक्या सातत्यानं कोणी खोटं लिहू शकत नाही. माणूस थकतो, चुकतो, खोट्यात विसंगती येते. तेच तर तपासलं मी."

"मी नाही थकत," श्रीधर म्हणाला. "मला येतं ते."

"प्रेझेंटेशनची भीती आहे ना? सगळ्यांना असते. पाणी प्या आणि सावकाश बोला."

रोहितनं तर ऐकूनही घेतलं नाही. "झालं का हरकरेजी, परत सुरू?" असं म्हणून त्यानं पेन फिरवलं. नत्थूजींना विचारलं तर ते हातावर तंबाखू मळत म्हणाले, "काय बाप्पा, खारं पाणी त हायेच ना हुडकेश्वरले. मले चांगलं याद हाये, पंपाले मिठाचा थर बसला राहते." नत्थूजींना आठवत होतं! त्यानं मनानं घातलेली गोष्ट त्यांच्या आठवणीत जाऊन बसली होती, पाय दुमडून, घरच्यासारखी. घरी त्यानं प्रेमलताला सांगितलं. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, चारानं भागलं आणि म्हणाली, "म्हणजे पाववाटा खोटं लिहिलं असेल. सगळेच लिहितात. एवढं मनाला लावून घेऊ नका."

"सगळं, प्रेमा. एकूण एक."

"बरं," ती म्हणाली, आणि त्या 'बरं'मध्ये तीस वर्षांची माया होती आणि रत्तीभर विश्वास नव्हता. तेव्हा त्याला पहिल्यांदा नीट दिसलं, आपण कुठे उभे आहोत ते. खोटं सांगितलं तर यंत्र मान डोलावतं, आणि खरं सांगितलं तर माणसं हसतात. सहाशे अठ्ठ्याहत्तर माकडं भिंतीवर ओळीनं बसून त्याच्याकडे बघत होती, आणि त्यांना हाकलायला त्याच्याजवळ एकही खरी काठी नव्हती.

शुक्रवारी दुपारी मीटिंगच्या खोलीत पाच माणसं होती. रोहित, मयुरा, नत्थूजी, तो, आणि दाराजवळच्या खुर्चीत अगदी कडेला गोपिकाबाई, हिरव्या साडीवर कंपनीचा निळा कोट घालून, हात मांडीवर. बोलावलं कशाला ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दिवे मंद झाले आणि खांब भिंतीवर उभा राहिला, माणसाहून उंच. श्रीधरनं रिमोट उचलला. "खापरखेडा," तो म्हणाला. "इथे नुकसानीचं मुख्य कारण, माकडं." आणि तो गोपिकाबाईंकडे बघत राहिला. आता बोलतील. नऊ वर्षं रोज तिथे त्या आहेत. आता म्हणतील, कुठली माकडं? गोपिकाबाईंनी भिंतीकडे पाहिलं, डोळे बारीक केले, मग नत्थूजींकडे झुकून दबक्या आवाजात म्हणाल्या, "येवढी हायेत का वो? असतीन. मलेच दिसली नसतीन." डोळ्यांनी पाहिलेलं त्या मागे घेत होत्या. भिंतीवर रंगीत काही दिसलं म्हणून, मोठी माणसं गप्प बसलीत म्हणून, स्वतःच्या नऊ वर्षांवर त्या शंका घेत होत्या.

मग त्याला सुचलं. खरं कोणी ऐकत नाही ना? मग खोटं इतकं ताणायचं की फाटलं पाहिजे. त्याला आयुष्यात तेवढं एकच नीट येत होतं. "यांचा एक म्होरक्या आहे," तो म्हणाला. "एका कानाला खाच आहे. तो दुपारी बरोबर बारा वाजता येतो, आधी कूलरचं बटण दाबून वारा येतो का बघतो, आणि आला नाही तर नाराज होऊन ताटी फाडतो." तो थांबला. रोहित मान डोलावत होता. मयुरानं वहीत लिहिलं, 'दुपारी बारा', आणि म्हणाली, "वेळेप्रमाणेही फोडून बघायला हवं." "माद्या ताट्या नेऊन पिल्लांना अंथरतात," तो म्हणाला. "नदीकाठच्या एका चिंचेवर मी मोजल्या, आपल्या कंपनीच्या बावन्न ताट्या." "ओह," रोहित म्हणाला, "बावन्न." हसा रे, तो मनात ओरडत होता, कोणीतरी हसा, चारानं भागा, आठानं भागा. चौकातल्या पानठेल्यावर एवढं सांगितलं असतं तर लोकांनी उचलून बाहेर ठेवलं असतं. पण मागे खांब होता, आणि खांबापुढे जे बोलावं ते खरं होत होतं. उद्या वाघ म्हटलं तरी हे वाघाचा खांब काढतील. "ठीक आहे," रोहित घड्याळाकडे बघत म्हणाला, "मुद्दा कळला. गोपिकाताई, तुम्हाला सांगायचं म्हणजे, खापरखेड्याचं केंद्र आपण या महिन्याअखेर..."

"एक मिनिट सर," श्रीधर म्हणाला. त्याला कळलं होतं की आता एकच जागा उरली आहे, आणि तिथे बोट घातलं तर ती बाई त्याला जन्मभर क्षमा करणार नाही. तक्रार आली त्या दिवशी कूलर चालू झाला नाही असं गोपिकाबाईंच्या हातून एकदाही झालं नव्हतं. मेमध्ये दिवसाला नऊ-नऊ घरं करून त्या शेवटच्या घरातून उन्हं उतरता उतरता निघायच्या, आणि दुसऱ्या कशाचाही त्यांना अभिमान नव्हता. माकडं त्यांनी सोसली. केंद्र बंद झालेलंही त्या सोसतील, मान खाली घालून, 'असन बाप्पा' म्हणत. हे सोसतील का? त्याला माहीत नव्हतं. सोसलं, तर त्यानं एका बाईचं काम घेतलं आणि वर नावही घालवलं. त्यानं त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि मयुराच्या वहीकडे बघत, मोजून मापून, प्रत्येक शब्द खरा वाटेल अशा बेतानं बोलला. "माकडांची भीती किती, त्याचं उदाहरण. गेल्या वर्षी चौदा मे. खापरखेड्यातलं एक घर. घरात ऐंशीची म्हातारी, पारा सेहेचाळीसवर, कूलर बंद. गोपिकाबाई गेल्या, गच्चीवर माकडं बसलेली बघितली आणि खालूनच परत फिरल्या. चार दिवस त्या घराकडे फिरकल्या नाहीत. पाचव्या दिवशी जाऊन ताटी बदलली, आणि चिठ्ठीवर तारीख मात्र चौदाच टाकली."

रोहितचं पेन थांबलं. नत्थूजींचा तळहात तंबाखूसकट हवेत राहिला. श्रीधर वाट बघत होता. एक, दोन, तीन. काही नाही. चार. त्याला वाटलं, संपलं, ही बाईसुद्धा विश्वास ठेवते आहे, हिला आता वाटत असेल की गेलोच नसू आपण, चार दिवस कुठे होतो कोण जाणे. मग खुर्ची फरशीवर करकरत मागे सरकली.

"खोटं!"

गोपिकाबाई उभ्या होत्या. त्यांचा आवाज एवढा मोठा लागला की त्या स्वतःच क्षणभर दचकल्या, पण थांबल्या नाहीत. "साफ खोटं बोलून राहिले तुमी, श्रीधरभाऊ! काहून? काय बिघडवलं मी तुमचं? चौदा मेले मी थ्या बुढीच्या घरी दुपारी तीनले गेली, तिच्या हातचा चहा पिली, कूलर चालू करून मंगच निंघाली. अन् गच्चीवर कावळा बी नव्हता! मंघानपासून म्हणून राहिली, असतीन माकडं, मोठी लोकं सांगून राहिले त मलेच दिसली नसतीन. मले दिसली नाई असं नाई, सायेब. नव्हतीच थे! नऊ सालात एक बी नव्हतं!"